एंजिनातील ठोके : जुन्या व्हॅनमधील निदान व दुरुस्ती

एंजिनातील ठोके : अंतर्ज्वलन-एंजिनातील (ज्यात इंधन सिलिंडराच्या आतच जळते अशा एंजिनातील) सरकत्या वा फिरत्या भागांमधील फट झिजेमुळे वाढली किंवा ज्वलनाची क्रिया बिघडली म्हणजे धातूवर धातू आपटल्यासारखा जो तालबद्ध आवाज येतो, त्यास ठोका म्हणतात. नवे एंजिनही निःशब्द नसते. झडपांची बारीक टिकटिक, पंख्याची घरघर व निष्कास वायूंची फुरफूर हे त्याचे स्वाभाविक आवाज होत. जुन्या एंजिनात या आवाजांमध्येच एखादा नवा आवाज मिसळतो आणि तो निरुपद्रवी आहे की एंजिनाचा शेवट जवळ आल्याचे चिन्ह आहे, हे ठरविणे कठीण होते. ही चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. झडपेची फट सैल झाल्याने होणाऱ्या टिकटिकीसाठी सबंध एंजिन उघडले गेल्याची उदाहरणे जशी आढळतात, तशीच संयोगदांड्याचा ठोका ‘टॅपेटचा आवाज’ समजून गाडी चालवीत राहिल्यामुळे तुटलेला दांडा एंजिनाचा ठोकळा फोडून बाहेर आल्याचीही आढळतात. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी आवाज कोठून, केव्हा व कोणत्या परिस्थितीत येतो, याचा निर्णय करणे हे या दुरुस्तीतील मुख्य काम होय.

प्रस्तुत नोंदीत उदाहरणादाखल मारुती व्हॅन ही गाडी घेतली आहे. १९८४ मध्ये बाजारात आलेली व १९८८ पासून ओम्नी या नावाने विकली गेलेली ही गाडी २०१९ पर्यंत तयार होत होती. शाळेतील मुलांची ने-आण, रुग्णवाहिका, भाजी व किराणा मालाची वाहतूक अशा कामांसाठी ती महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत वापरली गेली. उत्पादन थांबले असले, तरी त्यांतील पुष्कळ गाड्या अजून रस्त्यावर आहेत व त्यांवर कित्येकांचा चरितार्थ चालतो. तिचे एंजिन तीन सिलिंडरांचे असून सिलिंडराचा व्यास ६८.५ मिमी. व दट्ट्याची धाव ७२ मिमी. आहे. एकूण घनफळ ७९६ घ. सेंमी. भरते. कॅमदंड सिलिंडर-माथ्यात बसविलेला असून तो दातेरी पट्ट्याने फिरतो. आधीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर होता, तर नंतरच्या गाड्यांत इंधनाचे इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण आहे. एंजिन पुढच्या आसनांच्या खाली असल्यामुळे चालक जवळजवळ त्यावरच बसलेला असतो. परिणामी लहान आवाजही त्याला मोठा वाटतो व मोठ्या आवाजाची सवयही लवकर होते. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक आहे.

आवाजाची उत्पत्ती : एंजिनात दट्ट्याची सरळ रेषेतील ये-जा संयोगदांड्याच्या साहाय्याने भुजादंडाच्या फिरण्यात बदलली जाते. भुजादंडास कारागीर क्रँक म्हणतात, तर संयोगदांड्यास कनेक्टिंग रॉड किंवा नुसतेच रॉड म्हणतात. दांड्याचे मोठे टोक भुजादंडाच्या खिळीवर जेथे बसते, तेथे दोन अर्धगोल कवचांचा धारवा (बेअरिंग) असतो. धारवा व खीळ यांच्यामध्ये वंगण तेलाचा पातळ थर असतो. खीळ फिरू लागली म्हणजे ती तेलाला आपल्याबरोबर ओढून पाचरीसारख्या निमुळत्या जागेत दाबते आणि या दाबावर ती अक्षरशः तरंगते. बोशॅम्प टॉवर हे १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या धारव्यांवर प्रयोग करीत असताना धारव्यातील तेलाच्या छिद्रात बसविलेले बूच आतील दाबाने पुनःपुन्हा बाहेर फेकले गेले आणि हा दाब प्रथम लक्षात आला. त्याची गणिती उपपत्ती ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये मांडली.

या आकाराच्या एंजिनांत दांड्याच्या मोठ्या टोकाशी असलेली फट सर्वसाधारणपणे ०.०३ ते ०.०५ मिमी. असते. ती ०.०८ मिमी.च्या पुढे गेली म्हणजे धारवा बदलण्याच्या मर्यादेस पोहोचला असे मानतात. माणसाच्या केसाची जाडी सु. ०.०७ मिमी. असते, हे लक्षात घेतल्यास किती थोड्या झिजेने एंजिनाची स्थिती बदलते याची कल्पना येते. फट वाढली की तेल धारव्याच्या कडांतून निसटू लागते, थर टिकत नाही व दांडा प्रत्येक फेऱ्यात खिळीवर आपटतो. त्यातच निसटणाऱ्या तेलामुळे सर्व एंजिनातील तेलाचा दाब कमी होऊन शेजारचे धारवेही उपाशी राहतात. झीज झिजेला वाढविते, ती अशी.

आपटण्याच्या या बलाचा अंदाज करता येतो. भुजादंडाचे दर मिनिटास ४,००० फेरे होत असता दट्ट्या सेकंदाला १३० हून अधिक वेळा आपली दिशा बदलतो. धावेच्या वरच्या टोकाशी त्याचा प्रवेग सु. ८,००० मी./से.२, म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. ८०० पट असतो. दट्ट्या, त्याची खीळ व कडी यांचे एकत्रित वजन ३०० ग्रॅ. धरल्यास दांड्यावर सु. २४५ किग्रॅ. ओढ पडते. निष्कास धावेच्या शेवटी ज्वलनाचा दाब या ओढीला विरोध करण्यास नसतो आणि सर्व भार दांड्याची टोपी धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांवर येतो. फट नसेल तेव्हा ही ओढ सावकाश चढते. फट असेल तेव्हा ती हातोड्याच्या घावासारखी पडते. ठोका देणाऱ्या एंजिनातील बोल्ट एके दिवशी अचानक तुटतो तो त्या एका दिवसाच्या भाराने नव्हे. असे लाखो घाव त्याने आधी सोसलेले असतात.

प्राथमिक तपासणी : आवाज एंजिनाचाच आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. सैल पंखापट्टा, विद्युत् जनित्राचा किंवा पाण्याच्या पंपाचा झिजलेला धारवा, निष्कास नळीचे फुटलेले गॅस्केट, एंजिन ज्यांवर टेकलेले असते ते चिरलेले रबरी ठोकळे आणि मागील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दंडाचे सैल सांधे या सर्वांचे आवाज एंजिनाच्या ठोक्यासारखे वाटू शकतात. तीन सिलिंडरांच्या एंजिनास पुढेमागे डोलण्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते. त्यामुळे या गाडीत रबरी ठोकळे गेल्यावर मंद गतीत येणारी धडधड अनेकदा भुजादंडाची समजली जाते. पट्टा काढून एंजिन थोडा वेळ चालविल्यास जनित्र व पंप यांचा निकाल लागतो. मात्र पाणी फिरणे बंद असल्याने हा प्रयोग अर्ध्या-एक मिनिटापलीकडे लांबवू नये. निष्कास गळतीचा ‘फट् फट्’ आवाज थंड एंजिनात स्पष्ट असतो व धातू तापून प्रसरण पावल्यावर बहुधा कमी होतो. जोडाशी काजळीचा काळा पट्टा दिसला म्हणजे शंका उरत नाही.

यानंतर तालाकडे लक्ष द्यावे. चार धावांच्या एंजिनात कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटास ९०० फेरे या मंद गतीत भुजादंड सेकंदाला १५ वेळा, तर एखादी झडप साडेसात वेळाच हलते. सरावलेल्या कानास हा फरक कळतो. झडपेची टिकटिक सुटी सुटी व मोजता येण्याजोगी वाटते, तर खालचा ठोका दाट वाटतो. आवाजाची जागा शोधण्यासाठी कारागीर लांब पेचकसाचे टोक एंजिनावर टेकवून मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेल्या हृद्‍नादमापकाचीच ही गावठी आवृत्ती होय. धातूची लांब सळई जोडलेला स्टेथॉस्कोप अधिक बरा. सिलिंडर-माथ्यावर, ठोकळ्याच्या मध्यभागी व तेलपात्राच्या कडेशी अशा तीन उंचींवर ऐकावे. तथापि धातूतून आवाज दूरवर पसरत असल्यामुळे ‘येथे मोठा ऐकू आला’ एवढ्यावरून निर्णय करणे धोक्याचे असते. फिरता पंखा व पट्टा यांपासून हात, कपडे व सळई दूर ठेवणे हे तर आवश्यकच आहे.

आवाजांचे प्रकार : झडपांची टिकटिक ही सर्वांत सामान्य होय. झडपेचे टोक व रॉकर भुजा यांच्यामध्ये थंड एंजिनात मिमी.च्या एकदोन दशांशांएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. स्क्रू सैल झाल्याने वा टोक झिजल्याने ती वाढली की बारीक, कोरडा आवाज येतो. एंजिन चालू असताना संशयित झडपेच्या फटीत मापपट्टी सरकविल्यास आवाज थांबतो. हा दोष गंभीर नाही. उलट, आवाजच न करणारी झडप पुष्कळदा अधिक चिंतेची असते. द्रवीकृत पेट्रोलियम वायू वा नैसर्गिक वायू यांवर चालणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये झडपेचे आसन झिजून झडप वर सरकते, फट नाहीशी होते व एंजिन अगदी शांत वाटते. पण झडप पूर्ण मिटत नसल्याने निष्कास झडपेची कड जळते. म्हणून अशा गाडीत फट आवाजावरून नव्हे, तर अंतराअंतराने मोजूनच पाहावी.

दट्ट्या व सिलिंडर यांच्यातील फट वाढल्यास दट्ट्या धावेच्या टोकाशी बाजूला कलतो व सिलिंडराच्या भिंतीवर थापटी मारल्यासारखा पोकळ आवाज येतो. सकाळी थंड एंजिनात तो मोठा असतो. ॲल्युमिनियमचा दट्ट्या तापून फुगला म्हणजे तो कमी होतो. ठिणगी-गुडदीच्या छिद्रातून सिलिंडरात चमचाभर तेल घालून एंजिन सुरू केल्यास हा आवाज थोडा वेळ थांबतो. दुसऱ्या कोणत्याही ठोक्यावर या उपायाचा परिणाम होत नाही. तेल फार जळत नसेल, तर असे एंजिन पुष्कळ दिवस चालू शकते. दट्ट्याच्या खिळीचा आवाज मात्र तीक्ष्ण व बहुधा दुहेरी असतो आणि मंद गतीत अधिक जाणवतो.

चढावर, भार असताना व एंजिन गरम असताना डब्यात खडे हलविल्यासारखा जो आवाज येतो, तो झिजेचा नसून ज्वलनाचा असतो. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेटून दाबाच्या लाटा उठतात व त्या सिलिंडराच्या भिंतींवर आदळतात. यास प्रस्फोटन म्हणतात. ठिणगी लवकर पडणे, ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, पाणी कमी असल्याने झालेला अतिताप व पातळ मिश्रण ही त्याची कारणे होत. याच्या प्रतिबंधासाठी टेट्राएथिल लेड पेट्रोलात मिसळण्याचा शोध मिजली यांना १९२१ मध्ये लागला. विषारी असल्याने भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री २००० मध्ये बंद झाली. एथेनॉलमिश्रित पेट्रोल प्रस्फोटनास अधिक विरोध करते. पण एथेनॉलात ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्ब्युरेटरातून मिळणारे मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ होते व जुन्या रबरी नळ्याही त्यात लवकर खराब होतात. आठ माणसे बसविलेली व्हॅन घाटात वरच्या गिअरमध्येच रेटीत नेल्यास निर्दोष एंजिनही असा आवाज करते. गिअर उतरविताच तो थांबला, तर दोष चालविण्याच्या पद्धतीत आहे. दुर्लक्ष केल्यास मात्र दट्ट्याचा माथा वितळणे, कड्या तुटणे व अखेर धारवे पिचणे, असा क्रम लागतो.

संयोगदांड्याचा ठोका या सर्वांहून निराळा ओळखावा. तो ‘टक् टक्’ असा कठीण असतो व खालच्या बाजूने येतो. थंड एंजिनात, तेल घट्ट असताना, तो दबलेला असतो. एंजिन तापून तेल पातळ झाले की वाढतो. म्हणजे दट्ट्याच्या थापटीच्या नेमका उलट. मिनिटास २,००० ते २,५०० फेऱ्यांवर गती स्थिर धरून प्रवेगकावरील पाय किंचित सैल केला की तो विशेष स्पष्ट होतो, कारण त्या क्षणी दांड्यावरील भार ढकलण्याकडून ओढण्याकडे बदलतो. मुख्य धारव्यांचा (ज्यांवर सबंध भुजादंड फिरतो त्यांचा) ठोका याहून जड व घुमणारा असतो, जोर देताना येतो व तेलाचा दाब बराच उतरलेला असतो. हे दोन आवाज ऐकू आले की गाडी चालवीत दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याचा मोह टाळून ती ओढून नेणे योग्य. दाबाचा लाल दिवा चालताना लागल्यास एंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. धारवा अडकून एंजिन जागीच जखडले, तर गिअरमध्ये असलेल्या गाडीची मागील चाकेही जखडतात. अशा वेळी क्लच दाबणे हाच चालकाच्या हातातील उपाय असतो. मुलांनी भरलेल्या गाडीच्या चालकास हे आधीपासून माहीत असले पाहिजे.

निश्चितीच्या चाचण्या : कोणत्या सिलिंडरात दोष आहे हे पाहण्यासाठी एकेका सिलिंडराचे ज्वलन बंद करतात. एंजिन थांबवून एका ठिणगी-गुडदीची तार काढावी, तिचे टोक एंजिनाच्या धातूशी पक्के जोडावे व मग एंजिन पुन्हा सुरू करावे. चालू एंजिनात तार हाताने ओढल्यास उच्च दाबाच्या विजेचा झटका बसतो. अंतःक्षेपण असलेल्या गाडीत तारेऐवजी त्या सिलिंडराच्या इंधन-तोटीची विद्युत् जोडणी काढणे चांगले, नाहीतर न जळलेले पेट्रोल निष्कास मार्गातील उत्प्रेरकास तापवून निकामी करते. ज्वलन बंद होताच ठोका मंदावला वा थांबला, तर दोष त्या सिलिंडराच्या दांड्यात किंवा दट्ट्यात आहे. खिळीचा दोष असल्यास आवाज कमी न होता उलट अधिक उघड होतो. झडपांच्या टिकटिकीत काहीच फरक पडत नाही. मुख्य धारव्याचा ठोका एका सिलिंडराने विशेष बदलत नाही, परंतु शेजारच्या दोन सिलिंडरांचे ज्वलन एकदम थांबविल्यास कमी होतो.

यापेक्षाही निर्णायक चाचणी तेलाच्या दाबाची. दाबाच्या कळीच्या जागी दाबमापक बसवून एंजिन पूर्ण तापल्यावर वाचन घेतात. दर १,००० फेऱ्यांस सु. ०.७ किग्रॅ./सेंमी.२ दाब असावा, असा एक ठोकताळा आहे. फलकावरील लाल दिवा विझलेला आहे यावर पुष्कळ चालक निर्धास्त राहतात. हा दिवा दाब सु. ०.३ ते ०.५ किग्रॅ./सेंमी.२ यांच्या खाली गेल्यावरच लागतो. म्हणजे आवश्यक दाबाचा फार मोठा भाग नाहीसा झाला, तरी तो विझलेलाच राहतो. मंद गतीत गरम एंजिनावर दिवा मिणमिणू लागला, तर ती पहिली नव्हे, शेवटची सूचना समजावी.

संपीडनाची चाचणी उपयुक्त असली, तरी तिचा अर्थ मर्यादित आहे. ती दट्ट्याच्या कड्या, झडपा व गॅस्केट यांची स्थिती दाखविते. धारव्यांविषयी काहीच सांगत नाही. तिन्ही सिलिंडरांत उत्तम संपीडन असलेल्या एंजिनाचा दांडाही तुटू शकतो. जुनी व्हॅन विकत घेताना या एकाच चाचणीवर भिस्त ठेवणे बरोबर नाही. याउलट तेल बरेच सांगते. तेल गरम असताना ते स्वच्छ भांड्यात काढून उन्हात पाहावे, तसेच तेलगाळणी कापून तिचा कागद पसरून पाहावा. लोहचुंबकास चिकटणारे कण भुजादंड, कॅम वा कड्या यांचे असतात. न चिकटणारे चंदेरी वा तांबूस चकचकीत पापुद्रे धारव्यांच्या ॲल्युमिनियम-कथिल वा तांबे-शिसे अशा मिश्रधातूंचे असण्याचा संभव मोठा. तेल दुधाळ असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. ते पातळ होऊन पेट्रोलचा वास येत असल्यास कार्ब्युरेटराच्या चोक-झडपेत किंवा, यांत्रिक इंधनपंप असलेल्या एंजिनात, पंपाच्या फाटलेल्या पडद्यात कारण शोधावे.

ठोका दाबण्यासाठी अधिक घट्ट तेल किंवा ‘आवाज बंद करणारी’ औषधे घालण्याचा प्रघात आहे. घट्ट तेलाने दाब वाढतो व आवाज काही आठवडे कमी होतो हे खरे. पण थंड एंजिनात असे तेल दूरच्या धारव्यांपर्यंत पोहोचण्यास वेळ लावते आणि झीज चालूच राहते. दुरुस्ती लांबणीवर टाकण्याची मालकाची अडचण समजण्यासारखी असते, कारण गाडी उभी राहिली की त्या दिवसाचे उत्पन्न थांबते. परंतु धारवे बदलून व भुजादंड घासून भागले असते, तेथे दोन महिन्यांनी सबंध एंजिन बदलावे लागते, हा क्रम इतक्यांदा दिसून येतो की या उपायास दुरुस्ती न म्हणता लपवणूक म्हणणेच योग्य. विक्रीस आलेल्या गाडीचे तेल मधासारखे घट्ट आढळल्यास खरेदीदाराने तिचा दाब पातळ, विहित तेलावर मोजण्याचा आग्रह धरावा.

दुरुस्ती : तेलपात्र उतरविल्यावर दांड्याची टोपी सोडून कवचे पाहता येतात. कवचांवर नुसत्या रेघा असतील व खिळीचा पृष्ठभाग नखाला गुळगुळीत लागत असेल, तर एंजिन न काढता नवी कवचे बसविणे शक्य असते. खीळ अंडाकार झाली असेल वा तीवर चरे पडले असतील, तर नवी कवचे थोड्याच दिवसांत पुन्हा ठोका देतात. यासाठी प्रत्येक खिळीचा व्यास मायक्रोमीटरने परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांत व दोन्ही टोकांशी मोजतात. कानाने केलेल्या निदानाची खरी परीक्षा येथे होते.

झिजलेला भुजादंड यंत्रावर घासून लहान मापाचा करतात व त्या मापाची जाड कवचे बसवितात. पहिले माप ०.२५ मिमी. कमी असते. इंचाच्या हजारांशाला थाउ म्हणण्याच्या जुन्या सवयीने कारागीर त्यास ‘दहा थाउ’ म्हणतात. घासताना खिळीच्या दोन्ही कोपऱ्यांतील गोलाई कायम राखली पाहिजे. ती काटकोनी झाल्यास त्या जागी ताण एकवटून पुढे भुजादंडच मोडतो. तेलाच्या छिद्रांच्या कडा गुळगुळीत करून दंडातील व ठोकळ्यातील तेलमार्ग तारेच्या ब्रशाने, द्रावकाने व दाबाच्या हवेने साफ करावे लागतात. घासकामाची भुकटी किंवा जुन्या धारव्याचे कण या मार्गांत राहिले, तर नवे धारवे पहिल्या काही तासांतच चिरडले जातात. महागड्या दुरुस्तीनंतर ‘सुटे भागच वाईट निघाले’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा प्रसंगी आधी या मार्गांकडे पाहावे.

ठोक्याचे कारण शोधल्याशिवाय एंजिन बंद करणे म्हणजे तोच दोष पुन्हा आत ठेवणे होय. या एंजिनात एकूण तेल सु. तीन लिटरच मावते. एक लिटर जळून गेले, तर तिसरा हिस्सा कमी होतो आणि वळणावर वा चढावर तेल एका बाजूला सरकून पंप हवा ओढू लागतो. काजळीने बुजलेली शोषण-जाळी, झिजलेला तेलपंप, दाब-नियंत्रक झडपेत अडकलेला कचरा, एंजिन पूर्वी एकदा जास्त तापलेले असणे व गाळणी वर्षानुवर्षे न बदलणे ही इतर कारणे होत. पंपाच्या दातेरी चाकांमधील फट मोजून तो संशयास्पद असल्यास नवाच बसविणे शहाणपणाचे, कारण त्यासाठी पुन्हा एंजिन उघडण्याचा खर्च त्याच्या किमतीहून फार मोठा असतो.

जोडणी करताना दांडा व त्याची टोपी यांवरील खुणा जुळल्या पाहिजेत. एका दांड्याची टोपी दुसऱ्यास लावता येत नाही. ठोका बराच काळ चालू राहिला असल्यास दांड्याचा सरळपणा व मोठ्या टोकाचा गोलपणा तपासून बोल्ट नवे घ्यावेत. फट मोजण्यासाठी खिळीवर मऊ प्लॅस्टिकचा बारीक धागा ठेवून टोपी विहित जोराने आवळतात, पुन्हा सोडतात व चपटा झालेल्या धाग्याची रुंदी सोबतच्या पट्टीशी ताडून फट वाचतात. आवळण्यासाठी बलमापी पानाच वापरावा. हाताच्या अंदाजाने आवळलेले बोल्ट एक तर सैल राहतात, नाहीतर ताणून दुबळे होतात. प्रत्येक टोपी आवळल्यावर भुजादंड हाताने फिरवून पाहतात. तो अडखळला, तर पुढे न जाता तीच टोपी उघडून पाहावी. दट्टे व सिलिंडर चांगले असून फक्त खालचे काम करावयाचे, की कारागीर ज्याला ‘हाफ एंजिन’ म्हणतात तसे दट्टे व कड्यांसह करावयाचे, हे सिलिंडरांच्या मापांवरून ठरते. मालकाच्या घाईवरून ठरवू नये.

ठोकळा फुटला असेल किंवा भुजादंड शेवटच्या मापाच्याही खाली गेला असेल, तर जुन्या गाडीतून काढलेले दुसरे एंजिन बसविण्याचा पर्याय उरतो. मात्र त्याचा पूर्वेतिहास अज्ञात असल्याने तेही तेलपात्र उतरवून व दाब मोजून मगच घ्यावे. नोंदणी प्रमाणपत्रावर एंजिनाचा क्रमांक असतो. त्यामुळे बदललेल्या एंजिनाची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते व त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवावी लागते.

दुरुस्त केलेले एंजिन प्रथम सुरू करताना ठिणगी-गुडद्या काढून ते आरंभक मोटरीने थांबत थांबत फिरवितात व दाबमापकाचा काटा हलल्यावरच गुडद्या बसवितात, म्हणजे धारवे कोरडे चालत नाहीत. पहिले ५०० ते १,००० किमी. अतिवेग, अतिभार व दीर्घकाळ एकाच गतीने चालविणे टाळतात. त्यानंतर तेल व गाळणी बदलतात, झडपांच्या फटी पुन्हा मोजतात व गरम एंजिनावरील तेलाचा दाब पहिल्या वाचनाशी ताडून पाहतात. काढलेल्या तेलात करड्या रंगाची अगदी बारीक भुकटी दिसणे स्वाभाविक आहे. चकचकीत पापुद्रे दिसल्यास तेलपात्र पुन्हा उतरवावे लागते.